पाळण्याची दोरी आणि लोकलचे वेळापत्रक

मूल आईला ओळखू लागते ते नेमके केव्हा, या प्रश्नाचे उत्तर घरातील कोणतीही आजी देऊ शकेल. सहावा-सातवा महिना लागला की परक्याच्या कडेवर जाताना ते ओठ काढते, आई दाराआड झाली की तिच्या मागे झेपावते, आणि ती परत आली की दोन्ही हात वर करते. मराठीत याला लळा लागणे म्हणतात. मानसशास्त्राने गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत या लळ्याचे शास्त्र केले आणि त्याला ‘अनुबंध’ असे नाव दिले. आता या वयाशेजारी कायदा ठेवून पाहावा. 2017 सालच्या दुरुस्तीने संघटित क्षेत्रातील नोकरदार आईला पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची प्रसूतिरजा मिळाली. त्यांपैकी आठ आठवड्यांपर्यंतची रजा प्रसूतीपूर्वी घेता येते. म्हणजे मुलाचा लळा ज्या सुमारास आकार घेऊ लागतो, त्याच सुमारास, कित्येकदा त्याच्या थोडे आधीच, आईला कचेरीच्या हजेरीपटावर सही करण्यासाठी परतावे लागते. अंगणवाडीत मूल बसू लागते ते तिसऱ्या वर्षी. मधली अडीच वर्षे मुलाने कोणाजवळ काढायची याचे पुरेसे उत्तर कायद्यात नाही आणि अर्थसंकल्पातही नाही. ते प्रत्येक कुटुंबाने आपापल्या ऐपतीप्रमाणे शोधायचे, असा एक अलिखित सामाजिक करार आहे.

या कराराची किंमत मुंबईच्या वेशीवरील मीरा-भाईंदरमध्ये जितकी स्पष्ट दिसते तितकी इतरत्र क्वचित दिसेल. मिठागरे, भातशेती आणि मासेमारीची गावे यांचा हा टापू 1985 मध्ये नगरपरिषद झाला आणि 2002 मध्ये महानगरपालिका. 2001 च्या जनगणनेत येथे 5 लाख 20 हजार माणसे होती. 2011 मध्ये ती 8 लाखांवर गेली. ही वाढ पाळण्यांमुळे कमी आणि स्थलांतरामुळे अधिक झाली. गिरगाव, परळ, दादर येथील चाळींत ज्यांना पाय पसरण्यापुरती जागा नव्हती, त्यांनी कर्ज काढून मीरा रोडला किंवा भाईंदरला दोन खोल्या घेतल्या. घर स्वतःच्या मालकीचे झाले, नळ आणि संडास घरात आले, ही सुधारणा लहान नव्हे. परंतु या व्यवहारात एक गोष्ट मागे राहिली आणि तिची नोंद कोणत्याही खरेदीखतात झाली नाही. चाळीचा सामाईक व्हरांडा हे एक विनामूल्य पाळणाघर होते. शेजारची काकू, समोरची म्हातारी, थोरली पोर यांच्या नजरेखाली मूल वाढत असे. सदनिकेचे दार बंद झाले आणि हा सगळा पुरवठा एकाएकी थांबला; मागणी मात्र वाढली, कारण कर्जाचे हप्ते फेडण्यासाठी घरातील दोघांनाही कमावणे भाग पडले.

चर्चगेटजवळच्या कचेरीत काम करणाऱ्या एखाद्या लिपिक स्त्रीचा दिवस घ्यावा. मीरा रोड ते चर्चगेट हे अंतर सुमारे 40 किलोमीटरांचे. घरापासून स्थानकापर्यंत रिक्षा, मग विरारहून आधीच भरून आलेल्या गाडीत शिरण्याची धडपड, उतरल्यावर चालणे. दीड तास सहज जातो. सकाळी आठला घर सोडलेली ही स्त्री संध्याकाळी साडेसातच्या आत परतली तर तो दिवस चांगला. महिलांच्या डब्यात भाजी निवडणाऱ्या बायकांचे कौतुकाने छायाचित्र काढले जाते. त्या छायाचित्राचा अर्थ इतकाच की, घरी पोचल्यावर उरणाऱ्या वेळातून वीस मिनिटे वाचवण्यासाठी प्रवासाचाही वेळ कामाला जुंपलेला आहे. आठ-दहा महिन्यांचे मूल रात्री नऊ-साडेनऊला झोपते. तेव्हा जागेपणी आई आणि मूल एकत्र असण्याचा काळ सोमवार ते शुक्रवार रोज तीन-साडेतीन तासांचा, आणि त्यातही स्वयंपाक, धुणे, दुसऱ्या दिवसाचे डबे.

अशा आईचा विषय निघाला की आपल्याकडे हिरकणीची आठवण हटकून काढली जाते. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, घरी तान्हे मूल, आणि काळोखात कडा उतरून जाणारी आई. तिच्या नावाने एसटीच्या स्थानकांवर स्तनदा मातांसाठी कक्ष झाले हे योग्यच झाले. परंतु ही आख्यायिका सांगताना आईच्या काळजाचे पोवाडे गायले जातात आणि दरवाजांच्या वेळेबद्दल कोणी बोलत नाही. आख्यायिकेचा शेवट तर अधिक बोलका आहे. महाराजांनी तिचा गौरव केला आणि ज्या वाटेने ती उतरली तेथे बुरूज बांधून ती वाट बंद केली. किल्ल्याच्या संरक्षणाच्या दृष्टीने हे बरोबरच होते. मात्र दुसऱ्या दिवशी उशीर झालेल्या गवळणीने काय करावे, याचा उल्लेख आख्यायिकेत नाही. मातृत्वाचा सत्कार आणि मातेची अडवणूक एकाच वेळी करण्याची ही आपली रीत बरीच जुनी दिसते.

लळ्याचे शास्त्र या प्रश्नाविषयी काय सांगते, हे नीट समजून घेतले पाहिजे. कारण त्याचा आधार दोन्ही बाजूंनी चुकीचा घेतला जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर बेघर झालेल्या मुलांविषयी जागतिक आरोग्य संघटनेसाठी ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी 1951 मध्ये एक अहवाल लिहिला. मुलाला अन्नाइतकीच एका स्थिर, ऊबदार नात्याची गरज असते, हा त्याचा गाभा होता. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी 1954-55 मध्ये युगांडातील खेड्यांत घरोघर बसून आया आणि मुले यांचे निरीक्षण केले, आणि पुढे अमेरिकेत बाल्टिमोर येथे तेच काम अधिक पद्धतशीरपणे केले. युगांडात त्यांना आढळलेली एक गोष्ट विलक्षण आहे. ज्या आया आपल्या मुलाविषयी बारीकसारीक तपशील भरभरून सांगू शकत, त्यांची मुले बहुधा निर्धास्त असत. आईचे लक्ष मुलावर किती आहे, हे तिच्या बोलण्यातच उमटत होते.

एन्सवर्थ यांची कसोटी आता प्रसिद्ध आहे. वर्षाच्या मुलाला आईसह एका अनोळखी खोलीत आणायचे, आईने दोनदा थोडा वेळ बाहेर जायचे आणि परत यायचे. मूल किती रडते याला महत्त्व कमी. आई परतल्यावर ते काय करते याला अधिक. बहुतेक मुले तिच्याकडे धाव घेतात, शांत होतात आणि पुन्हा खेळू लागतात. हा सुरक्षित अनुबंध. काही मुले तिच्याकडे पाहतच नाहीत; काही तिला घट्ट धरतात, पण त्यांचा राग आणि रडणे संपत नाही. हा फरक कशाने पडतो, याचा शोध घेताना एन्सवर्थ आईच्या संवेदनशीलतेपाशी आल्या. मुलाची खूण दिसणे, तिचा अर्थ बरोबर लागणे, आणि तिला वेळेवर व योग्य प्रतिसाद मिळणे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. भुकेच्या रडण्याला दूध, झोपेच्या रडण्याला थोपटणे, आणि पोट भरल्यावर मान फिरवणाऱ्या मुलाच्या तोंडात आणखी घास न कोंबणे. यात लाडावून ठेवण्याचा संबंध नाही, आणि चोवीस तास हजर राहण्याचाही नाही. (अर्थात ही कसोटी बाल्टिमोरची आहे. सदैव कोणाच्या ना कोणाच्या कडेवर वाढणारे आपल्याकडचे मूल रिकाम्या खोलीत अधिक बावरले, तर त्यावरून घाईने निष्कर्ष काढू नयेत.)

या संबंधाची ताकदही अतिशयोक्त करून सांगितली जाते. 1997 मध्ये मारियाने द वोल्फ आणि मारिनुस व्हान आयझेंडोर्न या डच संशोधकांनी 66 अभ्यास एकत्र तपासले तेव्हा आईची संवेदनशीलता आणि मुलाचा सुरक्षित अनुबंध यांतील सहसंबंध 0.24 इतका निघाला. संख्याशास्त्राची ओळख असलेल्यांना हे कळेल की, हा आकडा नगण्य नाही, पण सर्वस्वही नाही. आई चुकली म्हणून मूल बिघडले, असे सरसकट विधान करण्याइतका आधार त्यात नाही. बाप, आजी, घरातील शांतता किंवा कलह, आणि पैशाची चणचण यांना त्या उरलेल्या भागात भरपूर जागा आहे.

मग नोकरी करणाऱ्या आईचे काय? या प्रश्नावर दोन अभ्यास निर्णायक मानावेत. अमेरिकेत 1991 पासून तेराशेंहून अधिक मुलांचा जन्मापासून पाठपुरावा करण्यात आला. 1997 मध्ये जाहीर झालेला निष्कर्ष असा की, मूल पाळणाघरात जाते एवढ्यामुळे त्याचा अनुबंध असुरक्षित होत नाही. मात्र आईचा प्रतिसाद अपुरा असेल आणि जोडीला पाळणाघर निकृष्ट असेल, तेथे घालवलेले तास जास्त असतील किंवा सांभाळणारी माणसे वारंवार बदलत असतील, तर धोका वाढतो. दुसरा दाखला इस्रायलमधील किबुत्झ या सामुदायिक वसाहतींचा. तेथे मुले दिवसा बालगृहात असत; काही वसाहतींत रात्री घरी झोपत, काहींत रात्रीही बालगृहातच. दिवसाची व्यवस्था दोन्हीकडे सारख्याच दर्जाची होती. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घरी झोपणाऱ्या मुलांपैकी 80 टक्क्यांचा अनुबंध सुरक्षित आढळला. बालगृहात झोपणाऱ्यांत हे प्रमाण 48 टक्के होते. दिवसभराच्या ताटातुटीने जे झाले नाही ते रात्रीच्या हाकेला ओळखीचे कोणी न आल्याने झाले. ‘बायकांनी घरी बसावे’ असे म्हणणाऱ्यांना हा निष्कर्ष गैरसोयीचा आहे. आणि ‘थोडाच पण दर्जेदार वेळ द्या’ असा सल्ला देणाऱ्यांनाही तो तितकासा सोयीचा नाही. मूल आपली हाक रात्री साडेआठपर्यंत राखून ठेवत नाही. जेव्हा ते हाक मारते तेव्हा ओ देणारे, ओळखीचे माणूस जवळ हवे. ते माणूस प्रत्येक वेळी आईच असले पाहिजे असे नाही. पण ते रोज बदलता कामा नये.

संवेदनशीलता हा आईच्या स्वभावाचा गुण आहे आणि तो असतो किंवा नसतो, ही समजूतही टिकत नाही. न्यूयॉर्कमध्ये गरीब वस्तीतील नवमातांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागून एका गटाला मूल अंगाशी बांधून घेण्याची कापडी झोळी आणि दुसऱ्याला मूल बसवण्याची प्लास्टिकची खुर्ची देण्यात आली. 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात झोळीच्या गटातील 83 टक्के मुलांचा अनुबंध सुरक्षित निघाला, खुर्चीच्या गटातील 38 टक्क्यांचा. गट लहान होते हे खरे. तरीही वारीत, बाजारात, बांधकामावर मूल कडेवर किंवा पाठीशी घेऊन वावरणाऱ्या आपल्या बायकांना याचे नवल वाटणार नाही. स्वभाव तोच होता. जवळीक वाढली आणि प्रतिसाद सुधारला.

उलट दिशेचा पुरावा शेजारच्या गोव्यातला आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रुग्णालयात बाळंत झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे 23 टक्के स्त्रिया बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी नैराश्याने ग्रस्त आढळल्या. कारणांत पैशाची ओढाताण होती, नवऱ्याशी बिघडलेले संबंध होते, आणि झालेले मूल मुलगी असणे हेही होते. ज्या घरात मुलगी झाली म्हणून तोंडे उतरतात, त्या घरातील बाळंतिणीने मुलाच्या प्रत्येक खुणेला प्रसन्न प्रतिसाद द्यावा अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर आईचे लक्ष हे मर्यादित साधन आहे. ते प्रवासात, चिंतेत आणि चुलीपाशी खर्च झाले तर मुलाच्या वाट्याला शिल्लक येईल तेवढेच येते. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे देतात असे आढळले. घरकामात हात घालणारे पुरुष 97 मिनिटे. मुलाचा बाप स्वयंपाकघरात शिरला तर मुलाला आई मिळते, इतका हा हिशेब सरळ आहे.

आता कायद्याकडे वळू. 2017 च्या दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाऊ द्यावे, असे बंधन घातले; ही तरतूद पुढे 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आली. पूर्वीच्या कारखाना कायद्यात स्त्री कामगारांची संख्या 30 च्या वर गेली की पाळणाघर लागू होई, आणि साहजिकच 30 वर थांबण्यात मालकाचा फायदा असे. सर्व कर्मचारी मोजण्याची नवी पद्धत निःसंशय शहाणपणाची आहे. परंतु कायद्याची कल्पना कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या कामगार वस्तीची आहे. मीरा रोडच्या आईचे मूल नरिमन पॉइंटच्या पाळणाघरात न्यायचे तर ते आठ महिन्यांचे मूल सकाळच्या विरार गाडीत घेऊन चढावे लागेल. ती गाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना यापुढे काही सांगण्याची गरज नाही. पाळणाघर रुळाच्या चुकीच्या टोकाला बांधले गेले आहे.

रजेच्या खर्चाचेही तसेच. कर्मचारी राज्य विमा योजनेच्या कक्षेबाहेरच्या स्त्रियांच्या 26 आठवड्यांच्या पगाराचा सारा बोजा मालकावर पडतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2000 सालच्या करारात असा खर्च विम्यातून किंवा सार्वजनिक निधीतून व्हावा असे तत्त्व सांगितले आहे, आणि त्यामागचे कारण उघड आहे. पुढची पिढी धडधाकट मनाची निघाली तर लाभ सगळ्या समाजाचा. त्याचे बिल मात्र एका मालकाच्या नावाने फाडले, तर तो मालक तरुण विवाहित स्त्रीला नेमताना दोनदा विचार करणार. कायदा उदार झाला की नेमणूक कंजूस होते.

आणि हे सारे संघटित क्षेत्रापुरते. मीरा-भाईंदरच्या बहुसंख्य कष्टकरी बायका या कायद्याच्या बाहेरच आहेत. भाईंदर पूर्वेला स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचे छोटे गाळे आहेत. 50 माणसांची अट त्यांच्यापैकी किती जणांना लागू पडणार? उत्तनची मासळी विकणारी बाई पहाटे बाजार गाठते. तिचे मूल सासूजवळ, जावेजवळ राहते, आणि या बाबतीत ती सदनिकेतील लिपिक स्त्रीपेक्षा सुदैवी म्हणावी लागेल. सर्वांत विपरीत स्थिती घरकाम करणाऱ्या बाईची. दुसऱ्याचे तान्हे सांभाळण्यासाठी तिला पगार मिळतो, आणि तिचे स्वतःचे तान्हे सात वर्षांच्या बहिणीच्या ताब्यात असते. त्या बहिणीची शाळा बुडते ती वेगळीच.

सरकारी योजना नाहीत असे नाही. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिने कुपोषणाच्या बाबतीत मोठे काम केले. परंतु तीन वर्षांखालील मुलाला अंगणवाडीतून शिधा मिळतो, सांभाळ नाही. 2017 च्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेने सहा महिन्यांपासूनच्या मुलांची सोय मानली. 2022 पासून तिलाच ‘पाळणा’ हे नाव मिळून अंगणवाडीला जोडलेल्या पाळणाघरांची कल्पना पुढे आली. दिशा बरोबर आहे. पण 2017 च्या योजनेचा नियम होता रोज साडेसात तासांचा, आणि 25 मुलांमागे एक सेविका व एक मदतनीस. लोकलने जाणाऱ्या आईला साडेअकरा तास हवेत. आणि दोन बायकांनी 25 मुलांची, त्यांतल्या रांगत्या तान्ह्यांसह, प्रत्येकाची खूण ओळखून वेळेवर उत्तर द्यावे, ही अपेक्षा ज्यांनी कागदावर उतरवली त्यांनी एक दिवस तसे करून पाहायला हरकत नाही. खाजगी पाळणाघरे गल्लोगल्ली आहेत. काही बायका तेथे जीव ओतून मुले वाढवतात. काही ठिकाणी दूरचित्रवाणीसमोर मुले बसवून दिवस ढकलला जातो. फरक कोठे आहे हे आईला बाहेरून कळत नाही.

याच पश्चिम रेल्वेमार्गाने उत्तरेला गेले की बोर्डी आणि कोसबाड लागतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र उभारले. 1957 मध्ये ते कोसबाडला गेले. अंगणवाडी हा शब्द ताराबाईंचा. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात न्यावी, हा त्यामागचा विचार. पुढे विकासवाडीत त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. धाकट्याला सांभाळावे लागते म्हणून थोरली शाळेत येत नाही, तर दोघांनाही येऊ द्या, इतका साधा तोडगा. 1969 मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामावरील मजूर बायकांच्या मुलांसाठी फिरते पाळणाघर सुरू केले. 1972 मध्ये ते काम मुंबईत आले. या दोन्ही प्रयोगांत सूत्र एकच होते. आई जेथे आहे, मूल जेथे आहे, तेथे पाळणाघर गेले.

मीरा-भाईंदरपुरते हे सूत्र लावायचे तर पाळणाघर घराच्या आणि स्थानकाच्या मध्ये, चालत जाण्याच्या अंतरावर हवे. सकाळी साडेसात ते रात्री आठ उघडे हवे. आणि त्याची दारे कचेरीतल्या बाईला आणि घरकामाच्या बाईला सारखीच खुली हवीत. जागेसाठी महापालिकेच्या विकास आराखड्यात शाळा, उद्यान, मंडई यांच्याप्रमाणे पाळणाघराचे स्वतंत्र आरक्षण ठेवता येईल, आणि तोवर महापालिकेच्या शाळांतील मोकळ्या खोल्या वापरता येतील. पैशाचा मोठा भाग मालकांकडूनच यावा. कायद्याने त्यांच्यावर पाळणाघराचे बंधन आहेच. ते फोर्टमध्ये रिकामी खोली दाखवून पुरे करण्याऐवजी, आपल्या कर्मचाऱ्याचे मूल जेथे राहते तेथील केंद्राला माणशी वर्गणी देऊन पुरे करण्याची मुभा असावी. उरलेले महापालिका आणि राज्य सरकार यांनी घालावे. बापाचे मूलही त्यात धरावे, नाहीतर पाळणाघर हा पुन्हा बायकांना नोकरी देण्याचा खर्च ठरेल.

सर्वांत मोठा खर्च इमारतीचा नसेल, माणसांचा असेल, आणि येथेच काटकसर होण्याची भीती आहे. सांभाळणारी बाई दर दोन महिन्यांनी बदलली तर मुलाला लागलेला लळा दर दोन महिन्यांनी तुटतो. ती टिकायची तर मानधन नावाच्या तुटपुंज्या रकमेऐवजी तिला कायम कर्मचाऱ्याचा पगार, रजा आणि निवृत्तिवेतन द्यावे लागेल. तीस मुलांच्या केंद्रात निम्मी मुले दोन वर्षांखालची धरली, चार तान्ह्यांमागे एक आणि सात मोठ्यांमागे एक बाई असा हिशेब केला, तर दोन पाळ्यांत मिळून बारा जणी लागतात. स्वयंपाक आणि सफाई वेगळी. या बारा जणींपैकी काहींची स्वतःची मुलेही तीन वर्षांखालची असणार. त्यांची सोय त्याच केंद्रात करावी लागेल, आणि ती संख्या अंदाजपत्रकात आधीच धरलेली बरी.